चेरीच्या दोन सुगंधांतून निवड करताना

पनवेल-उरण परिसरातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी मालाचे ते देशातील एक प्रमुख प्रवेशद्वार होय. या मालात परफ्यूमला वेगळी वागणूक मिळते. त्यात अल्कोहोल असल्याने वाहतुकीत ते ज्वलनशील द्रव गणले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याचा क्रमांक १२६६ आहे.

अलीकडे गोड चेरीच्या सुगंधांना मोठी मागणी आहे. मात्र गुलाब वा मोगऱ्याप्रमाणे चेरीच्या फळातून परफ्यूमला उपयोगी पडेल असा अर्क मिळत नाही. बाटलीतील चेरी ही रचनाकाराची निर्मिती असते. तिचा मुख्य आधार बेंझाल्डिहाइड हे द्रव्य. कडू बदामाचा वासही त्याचाच. म्हणूनच चेरीच्या बहुतेक परफ्यूममध्ये बदामाची छटा जाणवते.

दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहू. गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या 'ला पेतीत रोब न्वार'च्या २०१२ च्या आवृत्तीत काळ्या चेरीला गुलाब, ज्येष्ठमध आणि धुरकट चहाची जोड आहे. टॉम फोर्डच्या 'लॉस्ट चेरी'त (२०१८) कडू बदाम, चेरीचे मद्य, टोंका बी व पेरू बाल्सम यांचा दाट गोडवा आहे. किमतीत दुसरे कितीतरी महाग.

किनारपट्टीच्या दमट उकाड्यात दाट गोडवा लवकर जड वाटू लागतो. रोज कार्यालयात व लोकलच्या गर्दीत वावरणाऱ्यांना पहिला प्रकार अधिक मानवेल. संध्याकाळच्या समारंभाला वा थंडीत दुसरा खुलेल. निवड मात्र कागदी पट्टीवरून करू नये. दोन मनगटांवर दोन सुगंध लावून किमान अर्धा तास थांबावे. आरंभीचा दरवळ ओसरल्यावर जे उरते, तेच दिवसभर सोबत राहते. त्वचा संवेदनशील असल्यास आधी थोड्या जागेवर लावून पाहणे हिताचे.

महागड्या परफ्यूमच्या नकलाही विकल्या जातात. रीतसर आयात झालेल्या बाटलीच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, आयात नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत असणे नियमाने आवश्यक आहे. हा मजकूर नसलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पक्के बिल मागून घ्यावे. तक्रारीची वेळ आल्यास तोच ग्राहकाचा आधार ठरतो.