घाईतला वाचक : मुंबईच्या उपनगरांतील वेष्टन, पाटी आणि अक्षर

१

साहित्यसमीक्षेने वाचकाचा विचार केला तो बहुधा सवडीने वाचणाऱ्याचा. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ घ्यावा किंवा वोल्फगांग इझरने मांडलेला, संहितेतच अध्याहृत असलेला वाचक घ्यावा; दोघेही संहितेसमोर स्थिर बसलेले आहेत. पान उलटून मागे जाण्याची आणि अडलेल्या जागी थांबण्याची मुभा त्यांना आहे. छापील अक्षराचा फार मोठा व्यवहार मात्र अशा बैठकीत होत नाही. तो दुकानाच्या फळीशी, बसच्या खिडकीतून, स्टेशनाबाहेरच्या गर्दीत होतो. तेथला वाचक उभा किंवा चालता असतो; त्याच्या हातात पिशवी असते आणि मागे दुसरे गिऱ्हाईक खोळंबलेले असते. तो वाचतो म्हणण्यापेक्षा ओळखतो, आणि ओळखून पुढे जातो.

या वाचकासाठी जे रेखाटले आणि छापले जाते त्याला व्यवहारात ग्राफिक डिझाइन म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उपयोजित कला’, ‘संकल्पन’ असे शब्द योजले गेले, पण समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली. मालाचा गुण हा आशय आणि वेष्टन ही त्यावरची सजावट, अशी एक सोयीची विभागणी रूढ झाली. वस्तुतः प्रत्येक वेष्टन आणि प्रत्येक पाटी आपल्या वाचकाविषयी काही गृहीत धरूनच घडते : त्याला कोणती लिपी येते, तो किती वेळ पाहील, काय लक्षात ठेवील. हे गृहीतक जितके खरे असेल तितका व्यवसाय आणि ग्राहक यांच्यातील संवाद साधतो. मुंबईच्या उपनगरांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

२

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. मळवलीस हलण्यापूर्वी तो घाटकोपरला होता. देवदेवतांची आणि पुराणप्रसंगांची रंगीत चित्रे तेथून मोठ्या संख्येने छापली गेली आणि ती घराघरांच्या भिंतींवर पोचली. त्या काळच्या व्यापाऱ्यांनी या चित्रांची शक्ती चटकन ओळखली. दिनदर्शिकांवर आणि मालाच्या जाहिरातींवर देवतेची प्रतिमा आली आणि तिच्याखाली साबणाचे किंवा औषधाचे नाव आले. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही लक्ष्मी ओळखता येत होती. मालाचे नाव त्या ओळखीच्या आश्रयाने घरात शिरत होते.

या प्रकारच्या संवादाला मर्यादा होती. प्रतिमा सर्वांची होती, त्यामुळे ती कोणाही एका व्यापाऱ्याची नव्हती. एकाच देवतेच्या चित्राखाली दोन निरनिराळे उत्पादक आपापली नावे छापू शकत. ग्राहकाला चित्र आठवे. पण चित्रावरून माल ठरवता येईल याची हमी नव्हती. प्रतिमेला आणि नावाला एकत्र बांधून एक स्वतंत्र खूण घडवणे हा पुढच्या काळातील वेष्टनकलेचा प्रश्न ठरला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण घाटकोपरहून फार दूर नसलेल्या विलेपार्ल्यात घडले.

३

पार्ले प्रॉडक्ट्स ही कंपनी १९२९ मध्ये विलेपार्ल्यात उभी राहिली. आरंभी गोळ्या-मिठाई आणि १९३९ च्या सुमारास बिस्किटे असा तिचा क्रम आहे. उपनगराचे नाव मालाला मिळाले, आणि ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही त्यांच्याही तोंडी ‘पार्ले’ हा शब्द बसला. बिस्किटाचे नाव होते ‘ग्लुको’. नावातच मालाचे वर्णन होते, आणि हीच पुढे अडचण झाली. ग्लुकोजची बिस्किटे इतरही करू लागले. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘ग्लुको बिस्कीट’ मागे आणि दुकानदार जो पुडा हाताशी असेल तो देई. विशेषनाम सामान्यनाम होण्याची ही प्रक्रिया भाषाभ्यासकांना परिचित आहे. व्यापाऱ्याला तिची किंमत पैशांत मोजावी लागते.

या वादातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पार्ले प्रॉडक्ट्स विरुद्ध जे. पी. अँड कंपनी, म्हैसूर या खटल्याचा निकाल १९७२ मध्ये लागला. समीक्षकांनी तो वाचावा असा आहे, कारण त्यात दोन वेष्टनांचे तौलनिक वाचन आहे. पार्ल्याच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात उभी असलेली मुलगी होती; तिच्या हातात पाण्याची बादली होती आणि भोवती गाई व कोंबड्या होत्या. प्रतिवादींच्या वेष्टनावरही मुलगी होती. तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हाती विळा होता, गाई-कोंबड्याही वेगळ्या तऱ्हेने काढलेल्या होत्या. तपशील एकेक करून तपासले तर दोन चित्रे भिन्न ठरत होती, आणि खालच्या न्यायालयांत पार्ले कंपनी हरली ती याच युक्तिवादापुढे. सर्वोच्च न्यायालयाने वाचनाची ही पद्धतच अमान्य केली. दोन वेष्टने शेजारी ठेवून भेद मोजत बसणे हा ग्राहकाचा व्यवहार नव्हे. तो एक पुडा आज पाहतो आणि दुसरा आणखी एखाद्या दिवशी. त्या वेळी त्याच्याजवळ असते ती केवळ स्मृतीतील ठसठशीत रूपरेखा. आकार, रंगसंगती, मुलगी, गाय, मागचे घर आणि वर ठळक लिहिलेले नाव या सर्वांचा एकत्रित ठसा सारखा असेल तर सामान्य ग्राहक फसू शकतो. त्याच्यापाशी शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती असत नाही, असे निकालपत्रात म्हटले आहे. निकाल पार्ले कंपनीच्या बाजूने लागला.

रोलाँ बार्त यांनी १९६४ मध्ये प्रतिमेच्या वक्तृत्वावर लिहिलेला निबंध या निकालाशेजारी ठेवून पाहता येतो. पान्झानी या कंपनीच्या शेवयांच्या जाहिरातीत लाल, हिरवा आणि पिवळा हे रंग ‘इटालियनपणा’ कसा सुचवतात, जाळीच्या पिशवीतून ओसंडणाऱ्या भाज्या ताजेपणा कसा सुचवतात, आणि शब्द त्या प्रतिमेच्या अनेकार्थतेला कसा नांगर घालतो, हे बार्त यांनी दाखवले. या विश्लेषणाचा प्रभाव रास्त आहे. तरी त्यातला वाचक हा जाहिरात समोर ठेवून तिचे थर उलगडणारा, म्हणजे पुन्हा सवडीचाच वाचक आहे. न्यायालयाने कल्पिलेला वाचक याच्या उलट टोकाला उभा आहे. त्याला व्यंजनेचे थर उकलायचे नाहीत, त्याला काल घेतलेलीच वस्तू आज पुन्हा घ्यायची आहे. वेष्टनाचा अर्थ त्याच्यासाठी दोन भेटींमधल्या अंतरात, म्हणजे स्मृतीत, घडतो. चिन्ह हे इतर चिन्हांपासूनच्या भेदाने अर्थवान होते, हे सोस्यूरचे सूत्र येथे दुकानाच्या फळीवर सिद्ध होते; मात्र हा भेद विसराळू माणसाच्याही लक्षात राहील एवढा ठसठशीत असावा लागतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ग्लुको’चे ‘पार्ले-जी’ झाले. सर्वांचे झालेले वर्णनवाचक नाव सोडून देऊन त्याचे केवळ आद्याक्षर राखले गेले. हा बदल कोशगत अर्थाच्या दृष्टीने संकोच आहे, पण भेदाच्या दृष्टीने लाभ आहे. शिवाय मराठी-हिंदी कानाला त्या रोमन अक्षराचा उच्चार आदरार्थी ‘जी’सारखा लागतो, माल मागताना त्याचा मान राखल्यासारखे होते. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वेष्टन, लाल अक्षरातील नाव आणि लहान मुलाचे चित्र ही त्रयी स्थिर राहिली. हे चित्र एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतील मगनलाल दैया यांनी १९६० च्या दशकात काढल्याचे कंपनीने सांगितले आहे. ते मूल कल्पित आहे, तरीही अनेक वर्षे लोक त्याच्यामागे खरी व्यक्ती शोधत राहिले. चिन्ह पुरेसे परिचित झाले की वाचक त्याला चरित्र बहाल करतो, ही कथनमीमांसेला ठाऊक असलेली गोष्ट येथे बिस्किटाच्या पुड्यावर दिसते. विलेपार्ल्यातील मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वेष्टनावरचे स्थलनाम मात्र टिकून आहे.

४

वेष्टन एका उत्पादकाचे असते, पण अक्षर सर्वांचे असते. चांगल्या वेष्टनाला चित्रकार पुरतो. चांगल्या पाटीला मात्र आधी चांगले अक्षर उपलब्ध असावे लागते. या अक्षराच्या घडणीचे एक मोठे केंद्रही उपनगरांतच आहे. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक संकल्पन केंद्र स्थापन झाले. कवी, सुलेखनकार आणि उल्का या जाहिरातसंस्थेत दोन दशके कलादिग्दर्शक राहिलेले र. कृ. जोशी १९८३ ते १९९६ या काळात तेथे शिकवत होते. पुढे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडवली. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. जोशी यांच्या ठायी कवी आणि व्यापारी संकल्पक वेगळे नव्हते. अक्षराचे वळण हा उच्चाराचा आणि अर्थाचा भाग आहे, ही जाणीव त्यांच्या दृक्काव्यात आहे आणि टंकरचनेतही आहे.

‘मंगल’ हा पडद्यावर, लहान आकारात, मोजक्या बिंदूंत वाचता यावा म्हणून घडवलेला टंक होता. त्याच सुमारास हाताने रंगवलेल्या पाट्यांची जागा संगणकावर जुळवलेल्या आणि फ्लेक्सवर छापलेल्या पाट्या घेऊ लागल्या. पाटी रंगवणारा कारागीर फळीची लांबी पाहून अक्षराची रुंदी ठरवी, वेलांटी शेजारच्या मात्रेला भिडणार नाही असे वळवी. संगणकाने त्याचा वेग हजारपट केला, पण हा निर्णय घेणारा माणूस मधून काढून टाकला. पडद्यासाठीचे अक्षर ताणून फुटाफुटाचे केले की बारीक शिरोरेखा आणि चिंचोळ्या पोकळ्या तशाच मोठ्या होतात. जे टंक म्हणून निर्दोष असते ते पाटी म्हणून पांगळे ठरते. दोष टंकाचा नव्हे, चुकीच्या वाचकासाठी केलेल्या योजनेचा आहे.

५

या पार्श्वभूमीवर मराठी पाट्यांच्या प्रश्नाकडे वळावे लागते. मराठी नामफलकाची तरतूद जुन्या दुकाने व आस्थापना नियमांत होतीच; २००८ च्या आंदोलनाने ती चर्चेत आणली. २०१७ च्या नव्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही तिच्या कक्षेत आली. नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावा, मराठी मजकूर आधी यावा आणि त्याचा टंक-आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे तिचे सार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत पालन करण्यास सांगितले, आणि मुदत संपल्यावर मुंबईत पाट्यांची तपासणी सुरू झाली.

अधिनियमाचा हेतू रास्त आहे : ज्या भाषेत ग्राहक राहतो त्या भाषेत त्याला संबोधावे. पण कायद्याला जे मोजता येते ते लिपी, क्रम आणि आकार. यांतला आकारही दिसतो तितका सरळ नाही. रोमन मोठे अक्षर आपली सारी उंची व्यापते. देवनागरीला शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते. म्हणून एकाच टंक-आकारात जुळवलेल्या दोन ओळींत देवनागरीचा मूळ वर्णदेह लहान दिसतो. नियम अक्षरशः पाळूनही मराठी दबलेली दिसू शकते, आणि उलट विचारपूर्वक घडवलेले अक्षर थोड्या जागेतही ठाम उभे राहते. ‘एक टाइप’ या मुंबईच्या टंकरचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक या प्रश्नाचे प्रात्यक्षिक उत्तर आहेत. त्यांत देवनागरी आणि रोमन यांचे वजन व उंची परस्परांना तोलून घडवली आहे. ‘बलू’चे कुटुंब गुजरातीसह अनेक भारतीय लिप्यांत पसरले आहे. घाटकोपर आणि मुलुंड यांसारख्या, मराठी आणि गुजराती वाचक शेजारी राहतात अशा उपनगरांत शिरोरेखा असलेली आणि नसलेली लिपी एका पाटीवर गुण्यागोविंदाने कशी बसावी, हा प्रश्न अलंकाराचा राहत नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. ‘मेन्स वेअर’ किंवा ‘ऑप्टिशियन्स’ ही अक्षरे देवनागरीत आली म्हणजे पाटी मराठी झाली काय? दुकानाचे विशेषनाम असेल तर लिप्यंतराचा उपयोग निश्चित आहे; रोमन न वाचणाऱ्याला ऐकीव नाव जुळवून घेता येते. पण दुकानात काय मिळते हे सांगणारा शब्द केवळ लिप्यंतरित केला तर ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ध्वनी मिळतो, अर्थ मिळत नाही. तेथे ‘चष्मे’ हा तीन अक्षरांहून लहान शब्द अधिक काम करतो आणि पाटीवर जागाही कमी घेतो. भाषेची निवड आणि अक्षराची रचना या येथे एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत.

जाहिरात ही मन वळवण्याची कला असल्याने तिच्या रूपाचा गौरव करणे म्हणजे बाजाराचा गौरव करणे होय, असा आक्षेप येथे येऊ शकतो. तो निराधार नाही. १९७२ च्या खटल्यात रूपसाम्याने ग्राहक फसण्याचा धोका होता, हेच मूळ कारण होते. रूप फसवू शकते म्हणूनच ते जबाबदारीचे असते. मात्र रूपाकडे दुर्लक्ष केल्याने ग्राहक सुरक्षित होत नाही. तो फक्त अधिक गोंधळतो आणि अखेरीस दुकानदार जे हातात ठेवील ते घेऊन निघतो.

घाटकोपरच्या छापखान्यापासून पाट्यांच्या तपासणीपर्यंतचा हा इतिहास वाचकाच्या कल्पनेचा इतिहास आहे. छापखान्याने निरक्षर पण श्रद्धावान वाचक गृहीत धरला, पार्ल्याच्या वेष्टनाने विसराळू पण निष्ठावान ग्राहक गृहीत धरला, पवई-जुहूच्या अक्षरकारांनी पडद्यासमोरचा वाचक गृहीत धरला. नव्या पाट्यांपैकी अनेकींनी गृहीत धरलेला वाचक मात्र तपासणीस येणारा अधिकारी आहे. त्याचे समाधान फूटपट्टीने होते. अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनाबाहेर उतरून, गाडीची वेळ डोक्यात ठेवून, औषधाचे दुकान शोधणाऱ्या माणसासाठी पाटी लिहायची असेल तर त्याच्या डोळ्यांनी ती आधी वाचून पाहावी लागेल.