गांदोची शाळा : माती, छप्पर व ग्रामश्रम

मातीची भिंत ही दारिद्र्याची खूण आणि सिमेंटची भिंत ही प्रगतीची खूण, हा समज विसाव्या शतकात आशिया व आफ्रिका या दोन्ही खंडांतील खेड्यांत पुष्कळच दृढ झाला. सार्वजनिक इमारत मातीची असावी, ही सूचनाच मग अनेकांस कमीपणाची वाटू लागली. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांदो नावाच्या खेड्यात २००१ साली पूर्ण झालेली प्राथमिक शाळा या समजाला अपवाद ठरली. तिचा उल्लेख सामान्यतः ‘मातीची शाळा’ असा केला जातो. परंतु ती टिकली ती केवळ मातीमुळे नव्हे. मातीच्या उणिवा ओळखून केलेली रचना आणि ती रचना स्वतःच्या हातांनी उभारण्यास समर्थ झालेला गाव, या दोहोंमुळे ती टिकली, असे तिचा इतिहास पाहता दिसून येते.

बुर्किना फासोवर १९६० पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता, आणि १९८४ पर्यंत हा देश अपर व्होल्टा या नावाने ओळखला जाई. आधुनिक शाळा तेथे फ्रेंच राजवटीबरोबर आली, आणि शाळेची इमारत कशी असावी याची कल्पनाही तिच्याबरोबरच आली. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती व त्यांवर थेट बसविलेले पन्हळी पत्रे हा साचा रूढ झाला. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेथे असा पत्रा दिवसभर तापतो आणि त्याची धग खाली बसलेल्या मुलांवर उतरते. हवा व उजेड यांची सोय अपुरी असल्यास अशी खोली अध्ययनास जवळजवळ निरुपयोगी होते.

गांदोच्या शाळेचे शिल्पकार दिएबेदो फ्रान्सिस केरे यांना या साच्याचा अनुभव बालपणीच आला होता. त्यांचा जन्म १९६५ चा. ते गावप्रमुखाचे पुत्र; शाळेत गेलेले गावातील पहिले मूलही तेच. गावात शाळा नसल्यामुळे सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेनकोदोगो या शहरी जावे लागले, आणि तेथे शंभरावर मुलांनी भरलेल्या तापत्या वर्गात त्यांची अक्षरओळख झाली. १९८५ मध्ये सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीस गेले. पुढे बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी वास्तुशास्त्राचा अभ्यास केला. १९९८ मध्ये मित्रांच्या साहाय्याने संस्था स्थापून त्यांनी गावच्या शाळेसाठी निधी जमविण्यास आरंभ केला. पदवी त्यांना २००४ मध्ये मिळाली. म्हणजे शाळा उभी राहिली ती त्यांच्या विद्यार्थिदशेतच.

मातीचा प्रस्ताव गावास प्रथम रुचला नाही. युरोपात शिकून आलेला मुलगा सिमेंट सोडून मातीच आणतो, याचे अनेकांस नवल वाटले. हा विरोध अज्ञानातून आलेला होता असे मात्र म्हणता येत नाही. मातीची घरे गांदोवासी पिढ्यान्‌पिढ्या बांधीत आले होते, आणि पावसाळ्यात त्यांच्या भिंती कशा झिजतात व वारंवार कशा सावराव्या लागतात, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? उपदेशाने हा आक्षेप दूर होण्यासारखा नव्हता. त्याला बांधकामातूनच उत्तर द्यावे लागले.

ते उत्तर तीन भागांत दिलेले आढळते. पहिला भाग विटांचा. स्थानिक चिकणमातीत थोडे सिमेंट मिसळून हाताच्या यंत्राने दाबून विटा पाडण्यात आल्या. त्या भाजाव्या लागत नाहीत. साहजिकच त्यांसाठी सरपण जाळावे लागत नाही. वृक्ष विरळ असलेल्या प्रदेशात ही बचत लहान नव्हे. दुसरा भाग तक्तपोशीचा. आडव्या काँक्रीट तुळयांवर लोखंडी गज टाकून त्यांवर याच विटा बसविण्यात आल्या, आणि वर्गातील उष्ण हवा वर निघून जावी म्हणून त्यांत फटी ठेवण्यात आल्या. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा भाग छपराचा. पत्रा येथेही आहे. परंतु तो भिंतींवर टेकलेला नाही. लोखंडी गजांच्या हलक्या कैच्यांवर तो तक्तपोशीपासून बराच उंच उचललेला आहे. मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो व पत्र्याची उष्णता बाहेर नेतो. खालच्या खिडक्यांतून तुलनेने थंड हवा आत ओढली जाते. या व्यवस्थेस वीज लागत नाही. शिवाय छपराच्या वळचणी भिंतींच्या बऱ्याच बाहेर आल्यामुळे पावसाचा मारा विटांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ज्या पत्र्याने जुन्या शाळा असह्य केल्या, त्याच पत्र्याने, जागा बदलताच, मातीचे रक्षण केले.

कैच्यांसाठी जाड तुळयांऐवजी बांधकामातले साधे गज निवडण्याचे कारणही लक्षात घेण्यासारखे आहे. मोठे लोखंडी भाग दूरवरून आणणे व यारीने चढविणे गांदोत शक्य नव्हते. गज मात्र हातकरवतीने कापता येतात व लहान यंत्राने जोडता येतात. हे काम गावातील तरुणांस शिकविण्यात आले. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, स्त्रियांनी पाणी आणले, पुरुषांनी विटा पाडल्या. तीन वर्ग एका रांगेत, व त्यांच्यामध्ये सावलीच्या मोकळ्या जागा, अशी ही वास्तू सुमारे ३० हजार अमेरिकी डॉलरांत पूर्ण झाली.

मातीच्या वास्तूला आधुनिक प्रतिष्ठा मिळवून देण्याचा प्रयत्न आफ्रिकेत याआधीही झाला होता. ईजिप्तमध्ये लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, हसन फती यांनी १९४५ नंतर नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी बांधावयास घेतले. त्यात शाळांचाही समावेश होता. रचना उत्तम असूनही ते काम अपुरे राहिले, कारण प्राचीन थडग्यांवर वसलेल्या जुन्या गावातून लोकांनी उठावे हा निर्णय सरकारचा होता व लोकांना तो मान्य नव्हता. गांदोत गाव हलवावयाचा नव्हता. गावाला शाळा हवीच होती, वाद होता तो केवळ मातीचा. दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे नाहीत. तथापि, ज्यांच्यासाठी वास्तू बांधावयाची त्यांची इच्छा व त्यांचे हात तिच्यात नसतील, तर तंत्र निर्दोष असूनही ती ओस पडू शकते, एवढे त्यांच्या तुलनेवरून निश्चित म्हणता येईल.

गांदोच्या प्रयोगाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. सिमेंट, गज व पत्रे बाहेरून विकत आणावे लागले, आणि पैसा मुख्यतः परदेशी देणग्यांचा होता. १२० मुलांसाठी योजलेल्या शाळेत पुढे सुमारे ७०० मुले शिकू लागली. शिक्षक खेड्यात टिकावेत म्हणून २००४ मध्ये त्यांची निवासस्थाने, आणि २००८ मध्ये शाळेचा विस्तार करावा लागला. या विस्तारात सपाट तक्तपोशीऐवजी विटांची कमानदार तक्तपोशी आली. गावाच्या हातात आलेले कौशल्य पहिल्या इमारतीबरोबर संपले नव्हते, याचा हा पुरावा होय.

२००४ मध्ये या शाळेस आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे हे प्रिट्झकर पारितोषिकाचे पहिले आफ्रिकी मानकरी ठरले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. शेजारच्या दोन खेड्यांनी याच पद्धतीने, सामुदायिक श्रमाने, आपापल्या शाळा बांधल्या. शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारने उचलला. आणि गांदोत तयार झालेल्या तरुणांस शहरातील सार्वजनिक बांधकामांवर मागणी आली. ज्या गावातील मुलास अक्षरासाठी घर सोडावे लागले होते, त्या गावाने आपली शाळा स्वतःच्या मातीतून उभी केली, आणि ती दुरुस्त करावयाची झाल्यास कोणास बोलवावे हा प्रश्न त्याला पडत नाही.