पट्ट्याने वाहिलेली शक्ती

१९५६ साली मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सचिवालयाबरोबर कितीतरी मराठी कुटुंबांची बिऱ्हाडेही तिकडे हलली. त्याच वर्षी भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मागे राहिलेल्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली होती. या दोन कारखान्यांच्या मधे यंत्रविद्येचा एक सबंध कालखंड येतो. तो चामड्याच्या पट्ट्याचा कालखंड होय.

त्या काळी सबंध गिरणी वाफेच्या एखाद्या इंजिनावर चाले. त्याची शक्ती छताखालच्या लांब धुऱ्यास मिळे आणि धुऱ्यावरून एकेक पट्टा एकेका मागावर उतरे. पट्ट्याची एक बाजू ताठ, दुसरी सैल. या दोन ताणांतील फरकास वेगाने गुणिले म्हणजे वाहून नेलेली शक्ती मिळते. तेव्हा वेग वाढवीत गेले की शक्तीही वाढतच जाईल, असे कोणासही वाटावे. पण पट्ट्यास स्वतःचे वजन असते. चाकास वळसा घालताना ते बाहेर फेकले जाऊ पाहते आणि पट्ट्यात आणखी एक ताण उत्पन्न होतो. तोच केंद्रोत्सारी ताण. चाक लहान असो वा मोठे, त्याने हा ताण बदलत नाही. वेग दुप्पट होताच मात्र तो चौपट होतो. दोन्ही बाजूंना तो सारखाच असल्यामुळे उपयोगी फरकात त्याची भर पडत नाही. पट्ट्याची सहनशक्ती तेवढी तो खाऊन टाकतो. घरात मिळवता एकच आणि खाणारी तोंडे वाढत जावीत, तसाच हा प्रकार!

हा ताण पट्ट्यास सोसेल अशा एकूण ताणाच्या एक-तृतीयांश झाला, की शक्तीची कमाल गाठली जाते. चामड्याच्या पट्ट्यास ही वेळ सेकंदास सुमारे २५ मीटर वेगाला येते. पुढे शक्ती घटू लागते आणि सुमारे ४५ मीटरला पट्टा केवळ स्वतःस सांभाळतो, चाकास काहीच देत नाही.

पट्टा घसरला की माग मंदावे आणि नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराच्या पदरी कमी पैसे पडत. तो फार आवळावा, तर धुऱ्याच्या बेअरिंगांवर भार येई. आणि चालता पट्टा हाताळणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याने हे काम खास शिकविलेल्या आणि अंगाबरोबरचे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषाखेरीज कोणी करू नये, असे ठरविले. कायद्याने कपड्यांत लक्ष घालावे याचे नवल वाटेल. परंतु धोतराचा सुटा सोगा फिरत्या धुऱ्यात सापडला तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी भोपाळचा कारखाना राष्ट्रास अर्पण केला. विजेच्या या युगात प्रत्येक यंत्रास स्वतःची मोटर मिळाली आणि छताखालचा धुरा नाहीसा झाला. पट्टा मात्र टिकला. पिठाच्या गिरणीत मोटर आणि जाते यांच्यामधे तो आजही फिरताना दिसतो. चामड्याच्या जागी रबर आणि बळकट धागे आले. पट्टा जितका हलका आणि मजबूत, तितकी त्याच्या वेगाची मर्यादा पुढे सरकते.