बाळाला जन्मतःच थायरॉईडचा त्रास आहे? गोळी सुरू झाल्यावर तपासण्या कधी आणि कशासाठी करायच्या?

काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतः नीट तयार झालेली नसते, किंवा असूनही पुरेसं संप्रेरक बनवत नाही. यालाच जन्मजात हायपोथायरॉईडिझम म्हणतात. यावर लेव्होथायरॉक्सिन हे स्वस्त औषध रोज एकदा द्यायचं असतं. जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत ते सुरू झालं, तर बहुतेक मुलांची वाढ आणि बुद्धी इतर मुलांसारखीच होते.

सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम असतो. मोठ्या माणसाला किलोमागे साधारण १.६ पुरतात. त्यामुळे "एवढ्याशा जिवाला इतकी गोळी?" असं घरचे म्हणतात आणि परस्पर अर्धी देतात. हे मात्र अजिबात करू नका. पहिली तीन वर्षं मेंदूच्या वाढीची असतात आणि तेव्हाचं नुकसान नंतर भरून निघत नाही.

औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पहिली रक्त तपासणी होते. टीएसएच नॉर्मल होईपर्यंत ती दर दोन आठवड्यांनी, मग पहिल्या वर्षात एक ते तीन महिन्यांनी आणि तीन वर्षांपर्यंत दोन ते चार महिन्यांनी करतात. डोस बदलला, तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. बाळाचं वजन वाढतं तसा जुना डोस अपुरा पडतो, म्हणून एवढ्या फेऱ्या.

रिपोर्टमध्ये फ्री टी४ नॉर्मल मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात हवा आणि टीएसएच वयानुसार नॉर्मल. आधी फ्री टी४ सुधारतो, टीएसएच मागाहून उतरतो. फ्री टी४ चांगला, पण टीएसएच वाढलेला असेल, तर डॉक्टर हमखास विचारतात, "मधे डोस चुकले होते का?" आधी विसरून तपासणीच्या चार दिवस आधी नियमित गोळी दिली की असा रिपोर्ट येऊ शकतो. खरं सांगा, नाहीतर विनाकारण डोस वाढेल.

रक्त त्या दिवशीची गोळी देण्याआधी किंवा दिल्यावर किमान चार तासांनी द्यावं. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्या. भरलेल्या बाटलीत टाकू नका, कारण बाळ ती संपवेलच असं नाही. लोह, कॅल्शियम आणि सोयाचं दूध औषध शोषू देत नाहीत, त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा.

डोस जास्त झाला तर बाळ चिडचिडं होतं, झोप कमी होते, हृदयाचे ठोके वाढतात. उलट सुस्ती, बद्धकोष्ठता, दूध कमी पिणं ही डोस कमी पडल्याची चिन्हं. पण चिन्हं दिसायची वाट पाहू नये, रक्त आधी बोलतं. उंची, वजन आणि डोक्याचा घेर दर भेटीत मोजतात. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी.

काही मुलांमध्ये हा दोष तात्पुरता असतो. ग्रंथीच नसेल तर गोळी आयुष्यभराची. पण निदान पक्कं नसेल, तर तीन वर्षांनंतर डॉक्टर साधारण चार आठवडे औषध थांबवून पुन्हा रक्त तपासतात. हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही.