काशीतील ग्रंथालय आणि बडोद्याचा उजेड

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाचा आरंभ १९१७ साली एका मराठी पुत्राच्या पितृस्मरणातून झाला, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. प्रा. पी. के. तेलंग यांनी न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ ग्रंथसंग्रह अर्पण केला. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून १९४१ साली आजची वास्तू उभी राहिली. गोलमेज परिषदेहून परतलेल्या पंडित मालवीयांनी तिच्यासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा नमुना सुचविला होता.

आम्हांस मात्र महाराजांच्या बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयाचे अधिक कौतुक वाटते. तेथे लोखंडी कपाटांच्या मजल्यांमधील जमीनच जाड काचेची आहे. वरचा उजेड झिरपत खालच्या ग्रंथांपर्यंत पोहोचतो. आम्ही ज्या कचेऱ्यांत नोकरी केली, तेथे भर दुपारी दिवा लावल्यावाचून फाईल वाचता येत नसे!

मंडळाच्या नियोजित वाचनालयाच्या आराखड्यात पश्चिमेची भिंत संपूर्ण काचेची दाखविली आहे. ज्येष्ठातील लू ज्यांनी सोसली, त्यांना तिचा अर्थ सांगावयास नको. काच घ्यावयाचीच तर ती भिंतीतून काढून जमिनीत घालावी, आणि पश्चिमेस जाड भिंत व व्हरांडा द्यावा, असे आम्ही कार्यकारिणीस लिहून कळविले आहे. आराखडा अद्याप मंजूर व्हावयाचा आहे.