जिजाईचे भांडण



सिनेमाचा विषय या अंकात कशाला, असे आपल्या मनात येईल. पण माणसे भांडतात कशी, बोलतात कशी आणि भांडण मिटते कसे, हे ज्या त्या समाजाच्या संस्कारावर ठरते. आणि आपल्या संप्रदायाचा हा संस्कार पडद्यावर जसा उतरला, तसा क्वचितच कुठे उतरला असेल. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक ब्राह्मण, एक मुसलमान. दोघांनी मिळून देहूचा वाणी उभा केला. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जे पूर्वी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका करीत.

या चित्रपटात भांडणे दोन आहेत. एक गावाशी, एक घरात.

गावचे भांडण सालोमालोचे. महिपतीबुवांच्या ग्रंथात तुकोबांना छळणारा मंबाजी आहे. त्याने काटेरी फोकाने तुकोबांना झोडपले. आणि रात्री मंबाजी कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चित्रपटात मंबाजीची जागा सालोमालोने घेतली. तो तुकोबांचे अभंग आपले म्हणून मिरवतो, आरोप करतो, कट रचतो. पागनीसांचे तुकोबा त्याला उलट उत्तर देत नाहीत. इतर चित्रपटांत खलनायक आला की प्रेक्षक वाट पाहतो ती नायकाच्या हाताची. येथे हात उठतच नाही. तरी प्रेक्षक कंटाळला नाही. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला. कारण न उगारलेला हात ही दुर्बळता नव्हे, हे कीर्तनाने महाराष्ट्राला तीनशे वर्षे शिकवले होते. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचेच पाहा. ज्यांच्या शब्दावरून वह्या इंद्रायणीत बुडाल्या, त्यांनीच पुढे तुकोबांची आरती रचली. ती आपण आजही म्हणतो. आपल्याकडे भांडणाचा शेवट असाही होतो. कोणी पडत नाही, विरोधकच टाळ हाती घेतो.

घरचे भांडण मात्र निराळे, आणि माझ्या मते तेच या चित्रपटाचे काळीज आहे. जिजाई झालेल्या गौरीबाई प्रभातमध्येच साध्या कामातून वर आलेल्या. त्यांच्या तोंडची भाषा पुस्तकी नाही. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि धनी विठ्ठलाच्या नादी. ती बोलते, तडतडते, दाराशी उभी राहून गाऱ्हाणे घालते. पोर आजारी पडते तेव्हा ती देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबावर वहाण उगारते.

विचार करा. धार्मिक चित्रपटात देवावर वहाण! तरी आपल्या माणसांना ती पाखंडी वाटली नाही. कारण देवाशी भांडणे हे आपल्याकडे परकेपणाचे नव्हे, हक्काचे लक्षण आहे. नामदेव रुसले, जनाबाईंनी विठ्ठलाला वाट्टेल ते सुनावले, आणि तुकोबांचे स्वतःचे देवाशी भांडणाचे अभंग किती आहेत! ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही, मुकाट्याने निघून जातो. जिजाई निघून गेली नाही. ती भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढली.

आता गाथा उघडा. स्त्रीने केलेली कठीण उत्तरे असे प्रकरणच त्यात आहे. तिची बोलणी, तिचा त्रागा तुकोबांनी आपल्याच अभंगांत उतरवून ठेवला. आणि तिला केलेला उपदेश, ज्याला आपण पूर्णबोध म्हणतो, तोही तेथेच आहे. स्वतःवरचा आरोप स्वतःच्या वहीत जपून ठेवणारा नवरा किती मोठ्या मनाचा! संवाद म्हणतात तो याला. दुसऱ्याचे ऐकले, याची खूण म्हणजे ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणे.

१९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला. तेथल्या किती जणांना मराठी कळत असेल? पण रिकामी चूल आणि तिच्यापुढे रागावलेली आई कळायला भाषा लागत नाही.

शेवटी विमान निघते. तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई खाली राहते. चित्रपट तिला खाली ठेवतो, पण लहान ठेवत नाही. डोळे पाणावतात ते तिच्यासाठी.

वाचकहो, हे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आपल्या कीर्तनांतून जिजाई पुष्कळदा कजाग बायको म्हणूनच येते. ऊस पाठीत मारल्याची कथा आली की मंडपात हशा पिकतो. त्या हशात पुढे बसलेल्या आयाबायाही हसतात, पण त्यांतल्या कितीजणी पहाटे उठून, घरच्यांचे सगळे आवरून, मग वारीला निघालेल्या असतात! वारीतल्या वारकऱ्यामागे घर सांभाळणारे कोणीतरी राहिलेले असते. प्रभातच्या मंडळींना हे उमगले. फडावर उभे राहणाऱ्यांनाही उमगावे. यापुढे जिजाईचे आख्यान लावताना तिच्या पोरांची भूक आधी सांगा, तिचा राग नंतर. मग हशा पिकणार नाही कदाचित, पण मंडप गप्प होईल. ती शांतता हशापेक्षा मोलाची.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.