एकच फोटॉन, पण नक्की

१९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर नावाच्या तरुणाने काजळी धरलेल्या काचांआडून दिव्याचा अगदी मंद प्रकाश एका सुईवर सोडला. पलीकडे फोटोची प्लेट होती. सगळ्यात लांब एक्सपोजर चाललं सुमारे तीन महिने. सुईच्या सावलीतले पट्टे भगभगीत उजेडात दिसतात तितकेच रेखीव उमटले. पेटीत एका वेळी सरासरी एक फोटॉनसुद्धा नसताना!

हा प्रयोग अनेक ठिकाणी 'एकेका फोटॉनचा प्रयोग' म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. प्रकाश मंद करणं आणि फोटॉन एकेक करून सोडणं यात मोठा फरक आहे. समजा, लेझरचा प्रत्येक झोत इतका मंद केला की त्यात सरासरी ०.१ फोटॉन उरला. तर शंभरातले नव्वद झोत रिकामे जातात, नवांत एकेक फोटॉन असतो, आणि अधूनमधून एखाद्यात दोन निघतात. दोनवाले कमी करायला प्रकाश आणखी मंद करा, रिकामे वाढतात. कितीही ट्यूनिंग करा, यातून सुटका नाही.

१९७७ मध्ये किंबल, डॅजेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंकडून खरा 'एकेक' प्रकाश मिळवला. अणूने एक फोटॉन सोडला की पुन्हा ऊर्जा घेईपर्यंत तो दुसरा सोडू शकत नाही, इतकं साधं ते तत्त्व. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या ओर्से इथे ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी कॅल्शियमचे अणू वापरले. हा अणू पाठोपाठ दोन फोटॉन सोडतो. पहिला दिसला की दुसरा निघाल्याची वर्दी मिळते. तो दुसरा अर्धपारदर्शक आरशावर एका बाजूला तरी गेला किंवा दुसऱ्या, एकाच वेळी दोन्हीकडे सापडला नाही.

पण यात बहुतेक फोटॉन हरवत होते, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. सिद्धतेसाठी जे हाती लागले तेवढेच मोजायचे. आमच्याकडे कुणी असं केलं, म्हणजे फेल झालेल्या टेस्ट वगळून रिपोर्ट हिरवा दाखवला, तर रिव्ह्यूत काय होईल ते सांगायला नको.

बिघडायला लागलं ते २००१ नंतर. निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी त्या वर्षी दाखवलं की एकेक फोटॉन, आरसे आणि डिटेक्टर एवढ्यावर क्वांटम कॉम्प्युटर तत्त्वतः उभा राहतो. आता दहा फोटॉन एकाच वेळी हजर हवेत. प्रत्येक जण दहापैकी एकदाच पोचत असेल, तर दहाही जण जमण्याची शक्यता हजार कोटींत एक!

तोवर क्वांटम डॉट आले होते : गॅलियम आर्सेनाइडमध्ये रुतलेला इंडियम आर्सेनाइडचा नॅनोमीटरांत मोजायचा ठिपका. मागणीनुसार एक फोटॉन देणारा. अडचण मात्र बारावीच्या पुस्तकातली निघाली, पूर्ण आंतरिक परावर्तन. त्या स्फटिकाचा अपवर्तनांक साधारण ३.५, त्यामुळे सपाट पृष्ठभागातून वर जेमतेम दोन टक्के प्रकाश निसटतो. बाकीचा आतच अडकतो.

उपाय जुनाच होता. अणू किती वेगाने प्रकाश सोडेल हे भोवतालच्या पोकळीवरही ठरतं, असं पर्सेलने १९४६ मध्येच एका छोट्या टिपणात मांडलं होतं. ठिपक्याच्या वर-खाली आरशांचे थर देऊन सूक्ष्म खांब कोरले, की फोटॉन लवकर आणि हव्या त्या दिशेने निघतो. पण ठिपक्याला चेतवणारा लेझर आणि निघणारा फोटॉन एकाच रंगाचे. लेझर गाळायला ध्रुवक लावला की त्यात निम्मे फोटॉनही जायचे. हा निम्म्याचा कर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत चिवट शत्रू वाटतो. २०१९ मध्ये एका चिनी गटाने पोकळी गोल न ठेवता लंबगोल केली. फोटॉन मग मुख्यतः एकाच ध्रुवणात निघू लागले आणि तो कर टळला.

२०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने फायबरच्या टोकापर्यंत ५७ टक्के गाठले. वरचं दहा फोटॉनांचं गणित यावर सुमारे पावणेतीनशेत एक होतं. २०२३ च्या अखेरीस चिनी गटाने ७१.२ टक्के जाहीर केले, मग तीसात एक.

हा आकडा का महत्त्वाचा? फोटॉन हरवले तरी गणना सावरून घेता यावी, यासाठी स्रोत आणि डिटेक्टर यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार दोनतृतीयांशाच्या वर हवा, असं २००८ मध्ये सिद्धांतकारांनी दाखवलं होतं. ७१.२ धरले, तर डिटेक्टरच्या वाट्याला सहा-साडेसहा टक्क्यांची चूक उरते. वाटेतले स्विच आणि जोड काय खातात, ते यात अजून धरलेलंच नाही.